ते पोतं परत दिलंत म्हणून

ताई, नमस्कार.

ओळखलंत का? युरियाच्या रिकाम्या पोत्यात माती भरून तुमच्या माती तपासणीच्या प्रयोगशाळेत आलेला तो वाळवा तालुक्यातला शेतकरी. "सेंद्रिय म्हणताय आणि नमुना युरियाच्या पोत्यात?" असं म्हणून तुम्ही तो परत दिलात. माती तरी कुठली, उकिरड्याच्या कडेची! चारचौघांत शोभा झाली म्हणून मी तणतणत निघालो होतो.

तुम्ही हाक मारून बसवलंत. पाठकोऱ्या कागदावर नागमोडी रेघ ओढून खड्ड्यांच्या जागा दाखवल्यात. इंग्रजी व्ही आकाराचे, वीतभर खोल, बांध आणि झाडाची सावली सोडून. सगळी माती कालवून चार वाटे करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, अर्धा किलो उरेपर्यंत. लोह तपासायचं म्हणून खुरपंसुद्धा लाकडी. त्या अर्ध्या किलोपायी माझा अर्धा दिवस गेला.

अहवाल आला : सामू (पीएच) ८.४, चुनखडी भरपूर, सेंद्रिय कर्ब ०.४२ टक्के. चार वर्षं शेण-गोमूत्राचं जीवामृत देऊन कर्ब एवढाच! उसाच्या खोडव्यावर (तोडणीनंतर फुटणाऱ्या पिकावर) केवडा पडला, म्हणजे पानं पिवळी पडली, की मी जीवामृत वाढवायचो. लोह मातीत आहे, पण चुनखडीमुळे मुळांना मिळत नाही, हे तुमच्याकडून कळलं. हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, शेणखतात मुरवून द्यायचं सुचवलंत, तेही "सेंद्रिय प्रमाणीकरणवाल्यांना आधी अहवाल दाखवा, मगच" या अटीवर. कुठल्या दुकानाची चिठ्ठी नाही दिलीत.

पण माझ्या डोक्यात बसले ते तुमच्या टेबलावरचे पाण्याचे दोन पेले. एकात बांधावरचं ढेकूळ सोडलंत, दुसऱ्यात माझ्या शेतातलं. बांधावरचं तसंच बसून राहिलं. माझं, कर्ब कमी म्हणून, बघता बघता विरघळलं, तळाला नुसता गाळ. तुम्ही काही बोलला नाहीत, बरं झालं.

त्या वर्षापासून पाचट (उसाचा वाळला पाला) पेटवणं बंद (हो, सेंद्रियवाला असून पेटवायचो). आता पाचट सरीतच कुजतं, मोकळ्या रानात हिरवळीच्या खतासाठी ताग गाडतो. दर मे महिन्यात त्याच रानाचा नमुना घेतो. श्रावणात फूटभर लांब, रुंद, खोल खड्डा काढून गांडुळं मोजतो. पहिल्या वर्षी ३ होती, यंदा ११. नातवंडांना हे काम फार आवडतं. तीन वर्षांत कर्ब ०.५१ झाला.

वरच्या तुकड्यात केवडा अजून दिसतोच. तिथला नमुना वेगळा काढून सावलीत वाळत घातलाय. सोमवारी घेऊन येतो, कापडी पिशवीतून.

आपला,
पोतेवाला