लेकरू देवाचं म्हटलं, मग हात का सुटत नाही?

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार,

मुलांच्या मार्कांवर आणि नोकरीवर पालकांची पत्रं तुमच्या पेपरात नेहमी येतात. आमच्या ख्रिस्ती घरांत अजून एक टेन्शन असतं, पोरगं शिकलं, कमवायला लागलं, पण देवापासून लांब गेलं तर काय करायचं. नवापूर-चिंचपाडा भागात आमची मंडळी, म्हणजे आमचं चर्च, आजोबांच्या पिढीपासून, आणि आता पोरं सुरत नाहीतर पुण्याला.

माझा मोठा पुण्यात आहे. दर रविवारी अकराला मी फोन करायची, चर्चला गेला होता का, कोणतं वचन होतं, शेजारी कोण बसलं. तो हो हो करायचा, मग फोन उचलणंच बंद केलं. दिवाळीच्या सुट्टीत घरी आला तेव्हा भाकरी मोडता मोडता शांतपणे म्हणाला, आई तू मी कसा आहे ते विचारतच नाही, फक्त अटेंडन्स घेते. त्या रात्री मला झोप नाही आली.

कारण तो दीड महिन्याचा असताना याच मंडळीत आम्ही दोघांनी उभं राहून त्याचं समर्पण केलं होतं, प्रभू हे लेकरू तुझं आहे असं सगळ्यांसमोर म्हटलं होतं. म्हटलं खरं, पण नंतर चोवीस वर्षं मी असं वागले की जणू त्याचा विश्वास सातबारा आहे आणि वारस म्हणून नाव मलाच लावायचंय.

मागे एका सभेत पाहुणे वक्ते बोलले की ज्यांची मुलं चर्चला येत नाहीत त्या आईबापांनी प्रार्थना कमी केली. मला हे अजिबात पटत नाही. मुलाला योग्य मार्ग शिकवला की म्हातारपणीही तो सोडणार नाही, हे बायबलचं वचन (नीतिसूत्रे 22:6) आईबापांच्या डोक्यात हाणायला वापरतात, पण बायबलमधला एली याजक होता तरी त्याची पोरं हफनी आणि फिनहास अर्पणाचं मांस ओढून खायचे, आणि त्याच घरात वाढलेला शमुवेल एवढा मोठा संदेष्टा झाला, तर पुढे त्याचीही पोरं योएल आणि अबीया लाच खाणारी निघाली. मग हिशोब कसा लावणार? शमुवेलाच्या आईचं, हन्नाचं तर मला नवल वाटतं, नवसाचं एकुलतं लेकरू दूध तुटल्यावर ती शिलोला, त्याच एलीच्या घरी सोडून आली, जिथं ती दोन पोरं होती. कोणाच्या भरवशावर? एलीच्या तर नक्कीच नाही.

आणि मोनिकाबाई, संत ऑगस्टीनची आई. 383 साली तिचा ऑगस्टीन कार्थेजच्या बंदरावर तिला थाप मारून रात्रीच जहाजाने रोमला निघून गेला, आणि ती त्या रात्री देवाला हेच मागत होती की तो जाऊ नये. देवाने ते ऐकलं नाही. पण त्याच वाटेने तो मिलानला पोचला आणि 387 च्या ईस्टरला तिथं बिशप अँब्रोजच्या हातून त्याचा बाप्तिस्मा झाला. तिच्या मनासारखं झालं असतं तर तो घरीच राहिला असता. हे मी माझ्या पोराची गॅरंटी म्हणून सांगत नाहीये, तशी गॅरंटी मला कोणी दिलेली नाही, पण देवाला त्याच्याकडे जायचा रस्ता माझ्या फोनवरूनच आहे असं मी धरून बसले होते ते चुकलं.

शिकवायचं सोडलं असा अर्थ कोणी काढू नये. धाकटी दहावीला आहे, रात्री जेवणानंतर घरात प्रार्थना होते, तीही बसते, कंटाळली तरी बसते. मोठ्याच्या नावाने पहाटे गुडघ्यावर जाते ते रोजचंच आहे, फक्त आता प्रभूला त्याच्याविषयी सूचना देत नाही, नाव घेते आणि थांबते.

हन्ना दरवर्षी शमुवेलासाठी लहानसा झगा शिवून शिलोला न्यायची. मी महिन्यातून एकदा नंदुरबारहून पुण्याच्या ट्रॅव्हल्सने दादर ज्वारीचं पीठ, कळण्याचं पीठ आणि ठेच्याची बरणी पाठवते. आता फोन केला तर आधी विचारते, काय करी ऱ्हायना रे भाऊ, जेवला का. परवा स्वतःहून तासभर बोलला, चर्चचा विषय निघाला नाही आणि मी काढला पण नाही. ठेचा संपलाय म्हणाला, उद्या पार्सल टाकायचंय.

आपली,
एक आई, नवापूर तालुका