बाबा, तुमचा रातांबा फुलला

ती. आई-बाबांस,
सा. न.

फोनवर हा विषय तीन महिने टाळला, म्हणून आज पत्र. बाबा, तुम्ही दिलेला रातांबा, आपलं कोकमाचं झाड, नर निघाला.

दुधाच्या पिशवीत रुजवलेलं ते चार पानांचं रोप मांडीवर घेऊन मी एसटीत बसले होते, त्याला नऊ वर्षं झाली. इथे वसईत विहिरीच्या कडेला त्याला जागा मानवली. पहिल्या दोन उन्हाळ्यांत झावळ्यांची सावली केली, तेवढंच. आता गच्चीच्या कठड्याला टेकलंय आणि नवी पालवी आपल्या परड्यातल्यासारखीच तांबूस येते. डिसेंबरात फुललं तेव्हा मी आमसुलांच्या बरण्यासुद्धा मोजून ठेवल्या. फुलांचा खाली सडा पडायचा, फळ मात्र एकही धरेना. शेवटी समोरच्या मालवणच्या काकूंनी एक फूल चिमटीत धरलं आणि म्हणाल्या, "ह्यां नर आसा गो." मग मीही नीट पाहिलं. आत नुसता परागाचा पिवळा पुंजका. मादी फुलात मधोमध हिरवी बारीक गुंडी असते, तिचाच पुढे रातांबा होतो. बियांपासून केलेल्या रोपांत जवळजवळ निम्मी नर निघतात आणि फुलेपर्यंत कळायला काही मार्ग नसतो. तेव्हा बाबा, चूक तुमची नाही. आई हसणार, ते मला माहीत आहे.

शेजारी म्हणतात, तोडून टाका. मी तोडणार नाही. मादी झाडाला जवळपास एखादा नर लागतोच. जूनमध्ये त्याच्याजवळ 'कोकण अमृता'चं कलम लावणार आहे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 1997 साली काढलेली ही जात. कलमाची काडी मादी झाडाची, म्हणून पुन्हा फसगत नाही. शिवाय फळ पावसाच्या आत हाती लागतं. आपले निम्मे रातांबे दरवर्षी मिरगाच्या पावसात झाडाखाली कुजतात, ते आठवलं. कलम निवडताना शेंडा सरळ वर जाणारा बघायचा. आडव्या फांदीची काडी बांधली असेल तर झाड आडवंच पसरत बसतं.

तोवर तुमच्याच बरणीवर आमचं चाललंय. गेल्या महिन्यात धाकटीच्या अंगावर पित्त उठलं, तेव्हा, आई, तू लावायचीस तसं आमसूल भिजवून ते पाणी चोळलं. खाज शमली. अर्ध्या तासाने मलाच विचारते, "आता हे सार म्हणून प्यायचं का?" कोकमतेलाचा गोळा मात्र संपत आला. टाचांना रात्री तोच लागतो, बाजारातल्या मलमांनी माझ्या भेगा कधी मिटल्या नाहीत.

आता जे खरं लिहायचं होतं ते. आई सांगत होती, बाबा दुपारी पेलाभर पाण्यात चांगलं चार-पाच चमचे आगळ घालून पितात, पित्तावर औषध म्हणून. बाबा, आगळ म्हणजे कोकमाच्या सालींचा मिठातच मुरलेला रस. सालीच्या प्रत्येक थरावर आई मूठ मूठ मीठ पसरते, तुम्ही शेजारी बसून बघता. डॉक्टरांनी तुमचं लोणचं आणि पापड बंद केलेत ते रक्तदाबासाठी, आणि तेच मीठ तुम्ही पेल्यातून पोटात घालता! आमसुलांनाही मिठाच्या रसाची पुटं दिलेली असतात, म्हणजे तीही पळवाट नाही. आणि अमृत कोकम म्हणाल तर त्यात साखर. आई, या वर्षी बाबांपुरती थोडी सालं मीठ न लावता कडकडीत वाळव. ती रात्री भिजत घालून सकाळी कुस्करली की रंगही येतो आणि आंबटपणाही. दमट हवेत त्यांना लवकर बुरशी धरते, म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेव आणि पावसाळ्याआधी संपव. रक्तदाबाची गोळी मात्र त्यामुळे सुटणार नाही हं, बाबा.

मी मेच्या दुसऱ्या आठवड्यात येतेय. सोबत दोन रिकाम्या बरण्या आणते. माकडांनी काय ठेवलं असेल ते मी पाडीन, बाबांनी खाली उभं राहून फांदी दाखवायची. शिडी पडवीतच राहू दे. गेल्या वर्षी ती कुणी बाहेर काढली होती, ते आईने मला सांगितलंय.

तुमची,
बेबी