जुन्या लुअरला सँडपेपर लावू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जुन्या लाकडी वस्तू घासून, नवा रंग देऊन शोकेसमध्ये कशा मांडायच्या याबद्दल आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख वाचला. खुर्ची-टेबलाचं ठीक आहे हो, पण त्यात मासे धरायचे जुने लाकडी लुअरसुद्धा तसेच चकचकीत करायला सांगितलंय, ते वाचून राहवलं नाही. मी बरीच वर्षं मिशिगनमध्ये राहतो, हे लुअर जमवतो, आणि हल्ली इथली आपली मराठी मंडळीपण गॅरेज सेल, इस्टेट सेल अशा घरातल्या जुन्या वस्तूंच्या विक्रीतून ते उचलायला लागलीयेत म्हणून कळकळीने लिहितोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, गांडूळ किंवा कोळंबी न लावता लाकडाचा नाहीतर धातूचा नकली मासा दोरीला बांधून पाण्यातून ओढायचा, मोठा मासा त्याला खरा समजून झडप घालतो, तो लुअर. 1859 मध्ये ओहायोच्या रायली हॅस्केलने अशा धातूच्या माशाचं पेटंट घेतलं, आणि त्याचाच एक मोठा तांब्याचा लुअर 2003 मध्ये लिलावात 1,01,200 डॉलरला गेला. लाकडी लुअरचा खरा बहर मात्र आमच्या मिशिगन-इंडियानात. डोवाजॅक गावचा जेम्स हेडन, जो मधमाश्या पाळण्यासाठीही नावाजलेला होता, तो तळ्याकाठी मित्राची वाट बघत लाकूड तासत बसला होता, तासलेला तुकडा सहज पाण्यात टाकला आणि बास माशाने त्यावर उडी घेतली अशी गोष्ट सांगतात, आणि त्यातूनच पुढे हेडन कंपनी उभी राहिली.

आता रंगाचं बघा. इंडियानातल्या गॅरेटची क्रीक चब कंपनी लुअरवर जाळीचं कापड ताणून त्यावरून रंग फवारायची, म्हणून ते बारीक खवले उमटायचे. जॉर्ज पेरीने 2 जून 1932 ला जॉर्जियात 22 पौंड 4 औंसाचा, म्हणजे दहा किलोचा बास धरला तो याच कंपनीच्या लुअरवर, आणि त्या वजनाची बरोबरी व्हायला 2009 साल उजाडलं, तीही जपानच्या बिवा तलावात! लुअरवरचे हे रंगाचे खवले सँडपेपरचे दोन हात मारले की गेले, ते परत आणता येत नाहीत. जुन्या रंगाला बारीक तडे गेलेले असतात, पोटावर गळ घासून चरे पडलेले असतात, आणि हे सगळं बघूनच जाणकार माणूस लुअर अस्सल की रंगवलेला ते ओळखतो. रीपेंट केलेला दिसला की संग्राहक तो खाली ठेवून देतो.

गळ गंजलेत म्हणून नवे लावू नका आणि ते ज्या पत्र्यात, स्क्रूत अडकवलेत त्याला तर हातच लावू नका. हेडनच्या लुअरचं वय त्यावरूनच काढतात, गळ अडकवायची पद्धत बदलत गेली, आधी कप रिग, मग एल-रिग, मग टू-पीस. डोळे काचेचे की रंगवलेले तेही बघतात. आणि खोका! साधा पुठ्ठ्याचा फाटका खोका असेल तरी फेकू नका, कधी कधी लुअरपेक्षा खोक्यालाच जास्त मागणी असते.

एक गोष्ट त्या लेखात हवी होती ती नेमकी नाहीये. रबरासारखे मऊ प्लॅस्टिकचे किडे मिळतात ना हल्ली, ते जुन्या लुअरबरोबर एकाच डब्यात ठेवले की त्यातल्या रसायनाने जुना रंग विरघळून चिकट होतो, चांगले चांगले लुअर असे वाया गेलेले मी बघितलेत, त्यामुळे आधी ते वेगळे काढा. धूळ मऊ कोरड्या ब्रशने झटकली तरी पुरे.

पुढच्या एखाद्या पुरवणीत ही दुरुस्ती छापाल का? आणि कुणाच्या हाताला असा लुअर लागला तर पाठीचा, पोटाचा आणि खोक्याचा फोटो काढून आधी एखाद्या जुन्या संग्राहकाला दाखवा. इथे अमेरिकेत त्यांचा 1976 पासून नॅशनल फिशिंग लुअर कलेक्टर्स क्लब आहे, त्यांची प्रदर्शनं भरतात, तिथे घेऊन गेलात तर लोक आवडीने बघून सांगतात.

आपला,
एक वाचक, मिशिगन