आधी सीटबेल्ट ओढून बघ

मिरज, १२ जानेवारी २०२६

चि. ओंकार यास अनेक आशीर्वाद.

तू घ्यायला निघालेल्या जुन्या गाडीचे पाठवलेले फोटो आणि दोन्ही व्हिडिओ बाबांनी तीनतीनदा बघितले आणि लगेच म्हणाले, "घेऊ दे, मी करून देतो." म्हणूनच हे पत्र मी लिहितेय. बाबांच्या गॅरेजची वही बावीस वर्षं माझ्याकडे आहे. तिच्यात 'घरचे' म्हणून एक पान आहे. मामाची ओम्नी, आत्याची सँट्रो, शेजारच्यांची इंडिका. कामं सगळी लिहिलेली आहेत, रकमेचा रकाना कोरा. तुझी गाडीही त्याच पानावर येणार, आणि त्या फुकटच्या मजुरीच्या भरवशावर तू समोरच्याला जास्तीचे पैसे मोजून येणार. फायदा त्याचा, घाम तुझ्या बाबांचा.

२०१२ ची डिझेल स्विफ्ट, मागणी २,४०,०००. हा आकडा विकणारा कुठून काढतो ते तूच लिहिलंयस: गेल्या वर्षी इंजिनला ४५ हजार घातले, बिल आहे. बिल खरं असेलही. पण चालत्या गाडीचं इंजिन चालू असणारच, त्याचे वेगळे पैसे कसले? घराचा पत्रा गळत होता तो बदलला म्हणून भाडेकरू भाडं वाढवून देत नाही. बिलाचा उपयोग एवढाच की ते काम लगेच तुझ्या माथी येणार नाही. हा, ते बिल कुठल्या गॅरेजचं आहे, काय काय बदललंय ते मात्र नीट वाच. नुसतं 'इंजिन काम' असं लिहिलेलं बिल मी स्वतः कधी दिलेलं नाही आणि कुणाचं मानतही नाही.

आता किंमत कशी धरायची ते सांगते. तशीच, त्याच सालाची, धड चालणारी गाडी प्रत्यक्षात कितीला गेली, तिथून सुरुवात कर. जाहिरातीतला आकडा ही विकणाऱ्याची इच्छा असते. बाबांच्या गिऱ्हाइकांत दिवाळीनंतर अशा दोन स्विफ्ट गेल्या, एक २,४०,००० ला आणि एक २,२५,००० ला. आपण २,३०,००० धरू. त्याही २०१२ च्याच होत्या, म्हणजे पुढच्या वर्षी पंधरा वर्षं भरल्यावर जे पासिंग करावं लागणार, पर्यावरण कर भरावा लागणार, ते त्या भावात आधीच आलंय. ते पुन्हा वजा मागायला जाऊ नकोस, हसतील. फक्त तयारी ठेव, कारण २०२२ च्या एप्रिलपासून कारच्या नव्याने नोंदणीची फीच सहाशेवरून पाच हजार झालीय.

मग वजाबाकी. टायरच्या फोटोत ३११८ दिसतंय, म्हणजे २०१८ सालचा एकतिसावा आठवडा. सात वर्षं उलटली, चारही बदलावे लागतील, सोळा हजार. पण वजा कर आठच. त्या २,३०,००० च्या गाड्यांनाही काही कोरे टायर नव्हते, अर्धे झिजलेलेच होते. विकणाऱ्यालाही पोट आहे, त्याच्यावर अन्याय करून केलेला हिशेब त्याच्यासमोर टिकत नाही.

कात्रजच्या चढाच्या व्हिडिओत इंजिन ओरडतंय आणि गाडी उचलत नाहीये. क्लच प्लेट गेलीय. प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग आणि मजुरी धरून तेरा हजार. स्पीडब्रेकरवर पुढून खडखड ऐकू येते ती लोअर आर्म आणि लिंक रॉडची, दहा हजार. एसी गार करत नाही. तो 'नुसता गॅस भरायचाय' म्हणेल. गॅस आपोआप संपत नाही, कुठूनतरी गळतो. आठ हजार धर. टायरचे आठ धरून हे झाले ३९ हजार. वर १५ हजार जे दिसत नाही त्याचे. डिझेल गाडीत इंजेक्टर आणि टर्बो ही दोन दुखणी अशी आहेत की बोनेट उघडून कळत नाहीत आणि कळतात तेव्हा पगार खातात. एकूण ५४. म्हणजे १,७६,०००. तू १,६० पासून बोलायला लाग आणि पावणेदोनच्या वर जाऊ नकोस.

(तुझं ऑफिस जाऊन-येऊन सोळा किलोमीटर. त्याला डिझेल कशाला हवं, हे मी विचारणार नव्हते, पण विचारलं.)

मीटरवर ७८ हजार किलोमीटर आहेत, असू देत. ब्रेकच्या पॅडलचं रबर गुळगुळीत झालंय, त्याच्या रेघा गेल्यात, ते ७८ हजाराचं दिसत नाही. मीटर मागे फिरवणं अवघड नाही, पॅडलचं रबर मात्र कुणी बदलत नाही.

हा सगळा हिशेब मी एका अटीवर लिहिलाय: गाडी पुरात बुडालेली नसावी. नंबर एमएच-१० आहे. आपल्या सांगलीचा. आता मालक पुण्याचा आहे, पण २०१९ च्या ऑगस्टमध्ये ही गाडी कुठे उभी होती? तू तेव्हा होस्टेलवर होतास. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५. पाणी उतरल्यावर महिनाभर आपल्या दारात टोचन लावून आणलेल्या गाड्यांची रांग होती. एक पांढरी गाडी मला अजून आठवते. मालकाने सीटा धुऊन वाळवल्या, नवीन मॅट टाकली, आत अत्तराची बाटली टांगली. दिसायला शोरूममधून आल्यासारखी. मी सहज मागचा सीटबेल्ट ओढला. हातभर स्वच्छ आला, त्यानंतरचा पट्टा चहात बुडवल्यासारखा तपकिरी. बाबांनी कार्पेट उचललं तर खाली गाळाची खपली. वायरिंगच्या जोडातल्या पिना ताक ठेवलेल्या पितळी भांड्यासारख्या हिरव्या पडतात. आज काच वर जात नाही, उद्या डॅशबोर्डवर दिवे लागतात, परवा भर रस्त्यात गाडी बंद. ती गाडी पुढे विकली गेली, कुणाला ते ठाऊक नाही. २०२१ च्या जुलैतही पुन्हा तेच.

तर चारही दारांचे सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढ. डिकीत स्टेपनी काढून तिच्या खळग्यात हात फिरव. सीट मागे सरकवून रुळांना गंज आहे का बघ. सर्व्हिसची नोंद माग आणि २०१९ चे ऑगस्ट ते ऑक्टोबर हे तीन महिने आधी वाच. तिथे गाळ निघाला तर माझी वजाबाकी फाडून टाक. एक लाखात दिली तरी घ्यायची नाही.

बाकी आरसीवर कर्जाचा बोजा चढलेला नाही ना आणि चलनं थकलेली नाहीत ना, हे फोनवर पाच मिनिटांत कळतं. विम्याचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याची सूट, मालकाचा असतो, गाडीचा नाही, तेव्हा 'पन्नास टक्के बोनस आहे' याला भुलू नकोस. टोकनचे पाच हजार मागतोय म्हणालास. सीटबेल्टचे फोटो मला आल्याशिवाय देऊ नकोस.

तुझी,
आई

ता. क. बाबा पाठीमागून वाचतायत. म्हणतात, क्लच ते रविवारी पुण्याला येऊन बसवतील, मजुरी कशाला धरलीस. तू तेरा हजार पूर्ण वजा कर. सामानाचे जातील ते जाऊ देत, उरलेल्यातून त्यांना पान्यांचा नवा सेट घे. जुन्यातला चौदाचा पाना दोन वर्षांपासून सापडत नाहीये आणि रोज सकाळी मला विचारतात.