रात्री दहाची मीटिंग

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

येत्या रविवारी, ३ नोव्हेंबर २०२४ ला, भाऊबीज आहे. त्याच दिवशी अमेरिकेतली घड्याळं एक तास मागे जातील. या बदलाचा अर्थ पुण्यात आयटी कंपन्यांजवळच्या हिंजवडी, खराडी, बाणेरच्या कितीतरी घरांना तोंडपाठ आहे. अमेरिकेतल्या सहकाऱ्यांबरोबरची, मार्चपासून रात्री नऊला होणारी मीटिंग आता पुढच्या मार्चपर्यंत दहाला होणार. कॅलिफोर्नियात दोन्ही वेळा सकाळचे साडेआठच वाजलेले असतात. नऊची मीटिंग मुलांना झोपवण्याची वेळ खाते, दहाची माझी झोप. माझी सात वर्षांची मुलगी बुधवारी शाळेतून आली की विचारते, "आई, आज किती वाजता?"

मी सॉफ्टवेअर कंपनीत प्रॉडक्ट मॅनेजर आहे. २००६ मध्ये सांगलीच्या वालचंद कॉलेजमधून इंजिनिअर झाले, आठ वर्षं टेस्टिंग केलं आणि मग या कामात आले. सॉफ्टवेअरमध्ये काय हवं, काय नको आणि आधी काय करायचं, हे ठरवणं म्हणजे माझं काम. पण कोड लिहिणारे, डिझाइन करणारे, विक्री सांभाळणारे यांतलं कोणीही माझ्या हाताखाली नसतं. प्रत्येकाला पटवूनच पुढे जावं लागतं आणि हे पटवणं मीटिंगमध्ये होतं. जो मीटिंगला नसतो, त्याचं म्हणणं रोडमॅपमध्ये, म्हणजे पुढे काय कधी बनवायचं याच्या आराखड्यात, येत नाही. इतर कामांत मीटिंगची वेळ गैरसोयीची असेल, आमच्यात ती वेळच ठरवते की कामावर तुमचा हात राहणार की नाही.

मुलीच्या जन्माच्या वेळची गोष्ट सांगते. तेव्हा मी दुसऱ्या एका कंपनीत, छोट्या व्यापाऱ्यांच्या बिलिंग सॉफ्टवेअरवर होते. मुलगी झाली १२ जून २०१७ ला, आणि १ जुलैला जीएसटी लागू झाला. ज्या बदलासाठी आम्ही वर्षभर तयारी केली, तो झाला तेव्हा मी मिरजेला माहेरी होते. त्याच एप्रिलपासून प्रसूती रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली होती, म्हणून डिसेंबरपर्यंत घरी राहता आलं. त्या कायद्याबद्दल मी आजही कृतज्ञ आहे.

मामांचं मिरजेत प्लायवूड आणि सॅनिटरीवेअरचं दुकान आहे. आमचंच सॉफ्टवेअर मी तिथे बसवून दिलं होतं. १५ नोव्हेंबरला १७८ वस्तूंवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ वर आला, त्यात त्यांचा बराच माल होता. दिवाळीला माहेरी गेलेली मी अजून तिथेच होते. एका गवंड्याने ऑक्टोबरात नेलेली दोन बेसिनं परत आणली. ती विकली होती २८ टक्क्यांनी, पण सॉफ्टवेअर क्रेडिट नोट, म्हणजे परत आलेल्या मालाचे पैसे वळते करण्याची पावती, काढत होतं १८ ने. मामा बिलांची फाईल घेऊन घरी आले आणि पाळण्याशेजारी बसले. एका हाताने पाळण्याची दोरी ओढत मी त्यांच्याकडून ऐकलं की माल परत कसा येतो, अर्धा कसा येतो, बिल हरवलेलं असलं तर काय करतात, गवंड्याच्या नावावर आणि घरमालकाच्या पैशावर खरेदी कशी होते. वही भरत गेली. ऑफिसात बसून हे मला दोन वर्षांत कळलं नव्हतं.

डिसेंबरात कामावर परतले तेव्हा माझं प्रॉडक्ट एका सहकाऱ्याकडे गेलं होतं आणि मला मदतपुस्तिका लिहायला दिली गेली. "सध्या तुला हलकं काम बरं," असं सांगितलं. सांगणाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हतं. मी वही घेऊन गेले आणि परत आलेल्या मालाचा भाग मागून घेतला. तो मिळाला, त्यावर काम झालं. पण वही नसती तर? सहा महिने घरी असलेली बाई काही शिकून आली असेल, हे कोणाच्या मनातही आलं नव्हतं. ज्याची पगाराची, किराण्याची, औषधांची, शाळेच्या फीची सगळी वेळापत्रकं एकमेकांत अडकलेली असतात, त्या माणसाला 'आधी काय, नंतर काय' हे इतरांपेक्षा जास्त कळतं, असा माझा अनुभव आहे.

आता कायद्याबद्दल. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय हवी आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाला भेटता यायला हवं, असं प्रसूती रजेच्या कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने ठरवलं. नोकरी बदलताना मी एका ठिकाणी पाळणाघराबद्दल विचारलं. ऑफिसपासून नऊ किलोमीटरवरच्या पाळणाघराचा पत्ता आणि फीमधली सवलत दाखवण्यात आली. भूमकर चौकातून संध्याकाळी एकदा पार व्हायला किती वेळ लागतो हे वाकडमध्ये राहणाऱ्याला विचारा, चार वेळांचं मग बोलू. राज्याचा दुकाने व आस्थापना कायदाही २०१७ चाच. रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळात स्त्रीकडून काम घ्यायचं तर तिची संमती हवी, सुरक्षिततेची व्यवस्था हवी, असं त्यात आहे. स्वयंपाकघराच्या ओट्यावर लॅपटॉप ठेवून दहाला सुरू होणारी मीटिंग मात्र कोणी कामाच्या तासांत धरत नाही. आठवडे मोजणारा कायदा आपण केला, आता तासांकडे बघायला हवं.

माझे यजमान चाकणला नोकरीला आहेत. त्यांची पहिली शिफ्ट असली की सव्वापाचला बस येते, म्हणजे साडेचारला घरात दिवा लागतो. सासूबाई इचलकरंजीहून येऊन आमच्याकडे राहिल्या, धाकटा त्यांच्याच कुशीत झोपतो. त्या सत्तरीच्या आहेत आणि त्यांचे गुडघे दुखतात. माझी नोकरी त्यांच्या गुडघ्यांवर उभी आहे, ही गोष्ट मला रोज लागते.

यावर उपाय नाही असं नाही. तो मी पाहिला आहे. मागच्या वर्षी आमच्या टीममध्ये कॅलिफोर्नियातला एक सहकारी, दोन मुलांचा बाप, एकदा म्हणाला की सकाळी साडेआठ ही त्याचीही मुलांना शाळेत सोडण्याची वेळ आहे. इतकी वर्षं तो गाडीतून मीटिंगला बसत होता! आम्हाला कोणालाच हे माहीत नव्हतं. मग आम्ही ठरवलं की एक आठवडा त्यांची सकाळ, एक आठवडा त्यांची संध्याकाळ. त्यांचे सात वाजले की आमचे सकाळचे साडेसात. शिवाय विषय दोन दिवस आधी लिहून फिरवायचा, ज्याने त्याने आपल्या वेळेत शेरे लिहायचे आणि जिथे मतभेद राहील तेवढंच मीटिंगमध्ये बोलायचं. दीड तासाची मीटिंग चाळीस मिनिटांवर आली. एरवी गप्प बसणारी दोन मुलं लेखी शेऱ्यांत फार नेमकं बोलू लागली. पाच महिने हे चाललं. मग वरचे साहेब बदलले, मीटिंग पुन्हा दर बुधवारी त्यांच्या सकाळच्या साडेआठला गेली आणि वर्षअखेरीच्या मूल्यमापनात माझ्या नावापुढे 'उपलब्धता कमी' असं आलं. त्या वर्षात माझी एकही तारीख चुकली नव्हती.

माझ्या ओळखीच्या तिघी जणी गेल्या दोन वर्षांत मूल झाल्यावर या कामातून बाजूला झाल्या. कोणीही नोकरी सोडली नाही. एक सपोर्टला गेली, दोघी टेस्टिंगला परतल्या. पगारपत्रकावर त्या आहेत, त्यामुळे कंपनीत स्त्रिया किती हे मोजताना त्या मोजल्या जातात. पण काय बनवायचं हे ठरतं त्या वेळी त्या तिथे नसतात.

म्हणून पुण्यातल्या कंपन्यांना माझी एवढीच विनंती आहे की दोन देशांतल्या मीटिंगची गैरसोय दोन्हीकडे आलटून पालटून वाटा आणि हे लेखी नियमात आणा. चांगला साहेब असेपर्यंत मिळणारी सवलत मला नको आहे. मुलाखतीला जाणाऱ्या मुलींना, आणि मुलांनाही, सांगावंसं वाटतं की पगाराबरोबर मीटिंगच्या वेळाही विचारा आणि पाळणाघर स्वतः जाऊन बघून या.

बुधवार ६ तारखेला दहाची पहिली मीटिंग आहे. आलटून पालटून वेळेचा प्रस्ताव मी नव्या साहेबांना लेखी पाठवला आहे, आणि कॅलिफोर्नियातल्या त्या सहकाऱ्याने त्याखाली आपलं नाव घातलं आहे.

आपली नम्र,
एक वाचक, वाकड, पुणे
(कृपया नाव प्रसिद्ध करू नये.)