संध्याकाळी आलेल्या नर्सताईंना

ताई,

हे पत्र तुम्हाला एकटीला देता आलं असतं, पण मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. तुम्ही आमच्यासाठी जे केलंत ते तुमच्या कुठल्याच रजिस्टरमध्ये येणार नाही, तिथे बीपी, वजन आणि भेट दिल्याची तारीख एवढंच जातं.

बाबांना डिमेन्शिया, म्हणजे स्मृती आणि समज हळूहळू कमी होत जाण्याचा आजार, आहे हे आता सगळे मान्य करतात. आधी कुणीच करत नव्हतं, आणि त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही, तो लपवून नुसतं गोडगोड लिहिणं मला जमणार नाही. रस्ता संपतो त्याच्याही पुढे आमचं घर, शेजार असा नाहीच, फोनला रेंज आली तर आली. कुणी आलंच तर सकाळी येतं कारण उजेडात परत जायचं असतं. आणि सकाळी बाबा छान असतात. आलेल्या माणसाला या बसा म्हणतात, प्रवास कसा झाला विचारतात, जुन्या गोष्टी रंगवून सांगतात. पाहुणा जाताना मलाच सांगून जाणार, अगं चांगले तर आहेत, तू उगाच टेन्शन घेतेस. दादाचा फोन आला की तेच. पाच मिनिटं बाबा एकदम ठणठणीत बोलायचे आणि मग दादा मला म्हणायचा, तुझाच आवाज थकलेला वाटतो, तू स्वतःला दाखवून घे. मोठ्या दवाखान्यात नेलं तर तिथल्या डॉक्टरांनी तारीख विचारली, बाबांनी हसून विषय बदलला, डॉक्टरही हसले, आणि वय झालं की एवढं चालायचंच असं सांगून आम्हाला परत पाठवलं. एवढ्या लांबून आलेल्या बाईला घरी काय होतं, रात्री काय होतं, एवढं तरी विचारावं की नाही?

ऊन उतरलं की मात्र बाबा बदलायचे. मला घरी सोड, मला घरी सोड. स्वतःच्या घरात उभे राहून. दाराची कडी ओढत राहायचे, अडवलं की मी कोण त्यांना कोंडणारी असं विचारायचे, आणि खिडकीच्या काचेकडे बोट दाखवून तो माणूस बघ म्हणून घाबरायचे. ते रात्री उशिरापर्यंत चालायचं आणि ते बघायला माझ्याशिवाय कुणी नसायचं. नंतर नंतर मलाच वाटायला लागलं की हे खरंच घडतंय की माझंच डोकं फिरलंय.

तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा पण सकाळच होती. बाबा तुमच्याशीही छानच बोलले आणि मी मनात म्हटलं, झालं, ही पण तेच बोलणार. तर तुम्ही निघताना दारात थांबून विचारलंत, दिवसातली सगळ्यात वाईट वेळ कोणती? मी म्हटलं संध्याकाळ. तुम्ही म्हणालात, मग मी संध्याकाळी येते.

आणि आलात. ड्युटी संपल्यावर, परत जायला गाडी नसताना. बाबांनी दार ओढलं, तुमच्यावर पण ओरडले, तुम्ही त्यांना एकदाही हे तुमचंच घर आहे असं समजवायला गेला नाहीत. घरी कोण कोण आहे, एवढंच विचारलंत, आणि ते त्यांच्या आईबद्दल बोलायला लागले. मी इतकी वर्षं त्यांची मुलगी आहे, त्यातलं कितीतरी मी पहिल्यांदा ऐकलं. सगळं शांत झाल्यावर तुम्ही माझ्याकडे बघून म्हणालात, "मी पाहिलं." दोनच शब्द. ताई, त्या दोन शब्दांनी मला जेवढा आधार दिला तेवढा कुठल्या औषधाने, कुणाच्या सल्ल्याने दिला नाही. त्या रात्री मी खूप रडले, पण कितीतरी दिवसांनी झोपले पण.

नंतरचं बाकी सगळं त्यातूनच आलं. अंधार पडायच्या आधीच सगळे दिवे लावायचे आणि खिडक्यांचे पडदे ओढायचे, म्हणजे काचेत स्वतःचंच प्रतिबिंब दिसून घाबरायला होत नाही, हे तुम्ही सांगू शकलात कारण तुम्ही ती खिडकी त्या वेळेला बघितली होती. या आजारात मेंदूतलं दिवस-रात्रीचं घड्याळच बिघडतं, त्यात दिवसभराचा थकवा आणि सावल्या, म्हणून संध्याकाळ जड जाते, हे तुम्ही समजावलंत तेव्हा बाबांचा राग येणं निम्मं कमी झालं. आणि एका दिवसात अचानक खूप बिघडले तर आजार वाढला म्हणून गप्प बसू नका, लघवीचं इन्फेक्शन, पाणी कमी पडणं, पोट साफ नसणं, नवीन गोळी यातलं काही आहे का लगेच बघून घ्या, हे तुम्ही कागदावर मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर लावलंत. एकदा खरंच इन्फेक्शन निघालं, वेळेत उपचार झाले. तो कागद अजून तिथेच आहे.

वय झालं म्हणणाऱ्यांसाठी तुम्ही सांगितलेली गोष्ट इथे लिहितेच. डिमेन्शियाचा सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार ज्यांच्या नावाने ओळखला जातो, त्या डॉक्टर अल्झायमर यांनी १९०६ मध्ये ज्या बाईच्या आजाराबद्दल पहिल्यांदा जाहीरपणे सांगितलं ती १९०१ मध्ये दवाखान्यात आली तेव्हा फक्त ५१ वर्षांची होती. आणि तिला आणलं होतं तिच्या नवऱ्याने. म्हणजे घरातल्या माणसाच्याच लक्षात आलं होतं, आणि तिथे कुणीतरी त्याचं ऐकून घेतलं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की २०२१ मध्ये जगात ५ कोटी ७० लाख लोकांना डिमेन्शिया होता आणि त्यांची जी काळजी घेतली जाते त्यातले ७० टक्के तास बायकांचे असतात. एवढ्या बायकांपैकी कितीजणींना तुमच्यासारखं कुणी भेटत असेल, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

दादाला तुम्ही स्वतः फोन लावलात. माझी बाजू घेऊन भांडला नाहीत, फक्त काय पाहिलं ते सांगितलंत, आणि जे मी वर्षभर सांगून त्याला पटत नव्हतं ते तेव्हा पटलं. आता तो येऊन राहतो, संध्याकाळचा बाबांजवळ तोच बसतो. मला त्याच्यावर रागच धरायचा नाहीये, पण बहिणीचा शब्द पुरेसा का नव्हता हे त्याला मी विचारणार आहे.

चांगुलपणा म्हटलं की लोकांना मोठमोठी दानं आठवतात. मला विचाराल तर दुसऱ्याच्या अडचणीच्या वेळेला, त्याच्या सोयीने त्याच्या दारात येणं हाच चांगुलपणा, आणि तो शिकवून येतो की मुळातच असतो मला माहीत नाही, पण तुमच्यात तो भरपूर आहे.

तुमचे वरिष्ठ हे वाचत असतील तर त्यांना माझी विनंती आहे. ताईंची संध्याकाळची फेरी ड्युटीत धरा आणि त्यांना परत जायला गाडी द्या. डोंगरापलीकडे अजून एक घर आहे, तिथली सून एकटीने सासूबाईंचं सगळं करते आणि तिलाही सगळे हेच सांगतात की त्या चांगल्या तर आहेत. मी तिला तुमचं नाव दिलंय, ती वाट बघतेय.

तुमची,
बाबांची मुलगी