पंचावन्न माशांबद्दल, ताई

ताई, स.न.वि.वि.

तुमचं नाव इथे घालत नाही. "माजा नाव खंय घालू नकात," असं तुम्हीच बजावलं होतंत. पण दोन वर्षं रोज सकाळी आमच्या ओसरीवर छत्री टेकवताना सावंतवाडीच्या चितारआळीने तुम्हाला पाहिलंय, त्यामुळे ज्यांना कळायचं त्यांना कळेलच.

आजीच्या बाराव्याला तुम्ही आलात, मागच्या दाराने येऊन भांडी घासलीत आणि आईने दिलेलं पाकीट चुलीजवळच्या फळीवर ठेवून निघून गेलात. तेव्हा बोलायचं राहिलं. आधी माफी मागते, मग आभार.

आजीला अर्धांगाचा हलका झटका आला. ती चालायला लागली, बोलायला लागली, पण उजवा हात थरथरायचा. डोंबिवलीला यायला तयार नाही. "थंय तुमच्या घरात ऊन खंय येता?" हा एकच मुद्दा, आणि तो खरा होता. म्हणून तिला सांभाळायला तुम्हाला ठेवलं. जाताना मी एक शहाणपणा केला. रंगाच्या बाटल्या, ब्रश, गंजिफाच्या, म्हणजे हाताने रंगवायच्या खेळाच्या पत्त्यांचे कोरे गोल, सगळं पत्र्याच्या ट्रंकेत भरून माळ्यावर टाकलं. थरथरत्या हातांनी काढायला बसेल, जमणार नाही, मग रडेल, असं माझं गणित. शिवाय साठ वर्षं राबलेल्या बाईने आता आराम करावा, असं आम्हा सगळ्यांनाच वाटत होतं.

पंधरा दिवसांनी व्हिडिओ कॉलवर आजीच्या पातळावर लाल डाग दिसला. मी घाबरले. रंग आहे हे कळल्यावर मात्र जे बोलले ते आठवलं की अजून कान गरम होतात. "तुम्हाला आजीला सांभाळायला ठेवलंय, पसारा काढायला नाही." तुम्ही उलट बोलला नाहीत. फक्त फोन वळवून टेबलावर धरलात. तिथे एक मासा होता. वाकडा, शेपटी जरा फाटलेली. आणि मागून आजीचा आवाज: "हात हलता तर हलांदे, मासो पाण्यात हलताच मा!"

दोन महिन्यांत तिच्या तोंडून आलेला तो पहिला विनोद.

आजीने मला नंतर सांगितलं, ट्रंक उतरवायला तिने तुम्हाला चार दिवस गळ घातली होती. "नुसती निजान रवलंय तर कुसान जायन," असं म्हणाली होती. आम्हालाही म्हणालीच असेल. आम्ही ऐकलं नसेल. तुम्ही स्टूल घेऊन माळ्यावर चढलात. मग तांदळाची छोटी पिशवी शिवलीत आणि तिच्या मनगटाखाली ठेवलीत, म्हणजे हात टेकलेला राहतो आणि फक्त बोटं हलतात. ही युक्ती तुम्हाला कुणी शिकवली? मी विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "सुचला." बस्स.

तुम्ही आजीला शेवटची दोन वर्षं पाहिलंत, म्हणून आधीचं थोडं सांगते. आजोबा पांगाऱ्याचं लाकूड कातायचे आणि आजी त्याची फळं रंगवायची. केळी, सीताफळ, फणस. काजूच्या बोंडात पिवळा नेमका कुठे लालाकडे वळतो हे तिच्याइतकं कुणाला कळलं नाही, असं आमची आळी म्हणते (आळी सगळ्यांबद्दल काहीबाही म्हणतेच, पण हे खरं आहे). बाबा आणि आत्या त्या फळांवर शिकले. बाबा म्हणतात, आईच्या कुशीला दुधाचा नाही, लाखेचा वास यायचा.

गंजिफा ती उशिरा शिकली. सावंतवाडीचे राजे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवींनी 1970च्या दशकात राजवाड्यात हे बुडत चाललेलं काम पुन्हा उभं केलं, त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. पूर्वी कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवून, वर खडूचा लेप देऊन, दगडाने घासून पत्ता करत, हे ती अशा तोऱ्यात सांगायची जणू तिनेच घासले होते. दशावतारी गंजिफाचे पत्ते 120. दहा अवतार, प्रत्येकाचे बारा पत्ते: राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दहापर्यंत. म्हणजे एका मत्स्याचे, राजा-प्रधान सोडून, पंचावन्न मासे. ते पंचावन्न तिने तुमच्यासोबत बसून पुरे केले. डोळा शेवटी. डोळ्याच्या ठिपक्याला ती श्वास धरायची आणि तुम्हीही धरायचात, हे मी दिवाळीत दारातून पाहिलंय. तुम्हाला माहीत नाही.

राजा आणि प्रधानाचे चेहरे तिने काढले नाहीत. "त्येंका हालणारो हात चलणा नाय," म्हणाली.

2024 मध्ये सावंतवाडीच्या गंजिफाला भौगोलिक मानांकन मिळालं, ती बातमी तुम्ही तिला वाचून दाखवलीत. तिचा प्रश्न, "म्हंजे आता दर वाढतलो काय?" तुम्ही हसत हसत मला फोन केलात. एरवी तुमचे फोन गोळ्या संपल्याचेच असायचे.

आता खेळाचं. गंजिफाला तिघं लागतात. आजी, तुम्ही आणि समोरचे निवृत्त पोस्टमनकाका, अशी तुमची दुपारची बैठक बसायची म्हणे. आजी लबाडी करायची का? बाबा म्हणतात, नक्की करायची.

तिने रंगवायला घेतलेल्या शेवटच्या संचातले मासे पूर्ण आहेत, कासवांचा सत्ता अर्धा राहिलाय. त्यावर सहा कासवं आहेत आणि सातव्याची पेन्सिलची रेघ. तो पत्ता तुमच्याकडे असावा असं आम्हा सगळ्यांचं ठरलंय. पाकिटासारखा फळीवर ठेवून जाऊ नका.

मी आणि बाबा येत्या शनिवारी येतोय. आजीने पूर्वी केलेला जुना संच लाकडी डब्यासकट आणतोय. तुम्ही, मी आणि बाबा, तिघं होतो. दिवसा बसलो तर रामापासून सुरुवात, गाडी लेट झाली तर रात्री कृष्णापासून. मला नियम अजून नीट येत नाहीत, तुम्हीच सांगा.

तुमची,
डोंबिवलीची नात